एक्झिट

विट्याच्या दवाखान्यात पहिल्यांदाच
कुणी दाराशी बूट काढले.
मी हात नुकताच धुतला होता, खांद्यापर्यंत,
तरी वास राहिलाच.
त्यांनी खिडकीजवळच्या खुर्च्या घेतल्या.

म्हणाले, डॉक्टर, विटा, पलूस, कडेगाव,
हे तीन म्हणजे बियाणं.
तीन वर्षांत चाळीस करू, कराडपासून जतपर्यंत,
एका रंगाची पाटी, एक गणवेश, एक अ‍ॅप.
मी विचारलं, आणि रात्री?
म्हणाले, कॉल सेंटर.

दस्तगीरनं वही आणून ठेवली.
बावीस वर्षं जनावराची मान धरणारा माणूस,
त्यानं उधारी मालकाच्या नावानं कधी लिहिलीच नाही:
चांदी, लेंगऱ्याची ढवळी, मोडक्या शिंगाची.
त्यांच्यातली मुग्धा दोन दिवस
त्या वहीचं एक्सेल करत बसली.
सर, 'मोडक्या शिंगाची' हे ग्राहकाचं नाव आहे का?
हो म्हणालो.
खोटं नव्हतं ते.

पलूस तोट्यात निघालं.
त्यांचा शब्द लांबलचक होता, आमच्याकडं म्हणतात भाकड.
भाकड म्हणजे मेलेली नव्हे हो, मी सांगून पाहिलं,
पुढच्या वेतासाठी थांबलेली.
त्यांनी मान डोलावली
आणि रकाना लालच ठेवला.

मग शेवटचा प्रश्न, जो त्यांचा पहिलाच होता:
एक्झिट.
पाचव्या वर्षी, आठ पट, कुणाला विकायचं.
आत शिरण्याआधीच
बाहेरची वाट ठरवतात ही माणसं.

त्याच रात्री पावणेदोनला भाळवणीहून फोन.
मुग्धा लॉजवरून निघाली, म्हणाली, येते.
वत्सला काटकरांची एचएफ, पहिलारू,
वासरू अडकलेलं, मान मागं वळलेली.
मी पोत्यावर आडवा, डावा हात आत.
आत उजेड नसतो.
बोटांनी वाचायचं: हा खूर, हा गुडघा,
पुढचा पाय का मागचा, सांधा कुठं मोडतो.
गाय कळ देते तेव्हा हात चरकात सापडल्यासारखा.
बॅटरी धरलेली मुग्धा हळूच म्हणाली,
सर, आता बाहेर कसं काढणार?
म्हटलं, आधी आत ढकलायचं.
जागा झाल्याशिवाय वळत नाही काही.

सव्वातास गेला. कालवड आली.
पडून राहिली, ओल्या गोणपाटासारखी.
दस्तगीरनं नाकपुडीत वैरणीची काडी फिरवली,
आणि ती शिंकली.
मुग्धा हसली का रडली, अंधारात कळलं नाही.
सहाशे सांगितले. वत्सलाबाई म्हणाल्या,
डेअरीचं बिल शनिवारी.

मी सही केली.
मला एक्स-रे हवा होता, सोनोग्राफी हवी होती,
मोडल्या पायाची म्हैस नुसती बघत बसायचा
कंटाळा आला होता.
सही उजव्या हातानं केली, डावा अजून सुजलेला.
कलम अकरा: डॉक्टर पाच वर्षं सोडून जाणार नाहीत.
म्हणजे एक्झिट त्यांची,
दावं माझं.

दस्तगीर म्हणाला, सर, बाजारात निदान दात तरी बघतात.
आपलं काय बघितलं?
वही, म्हणालो.
तो वही परत घेऊन गेला, चष्मा लावला, लिहिलं:
भाळवणी. कालवड. नाव अजून ठेवलं नाही.
सहाशे बाकी.