काळोखे लायटिंग

टेम्पोवर लिहिलंय: काळोखे लायटिंग.
खाली बारीक अक्षरांत दिवाळी, लग्न, वास्तुशांत.
मी हसले नाही. पुण्यात राहून
आडनावाला हसायचं नसतं.
आम्ही पोटभरे, आणि घरात
माणशी दीड पोळी.

माप घेताना त्यानं टेपचं टोक माझ्या हातात दिलं,
"काकू, धरा जरा," आणि मागे मागे चालत गेला
कठड्यापासून फाटकापर्यंत.
बेचाळीस फूट. आंब्याचे वेगळे.
फुटाचा दर, काढून न्यायचा दर,
तुळशीचं लग्न झालं की येतो म्हणाला,
समोरच्यांच्या माळा गेल्या शिमग्यापर्यंत लटकत होत्या
त्या आमच्या नव्हेत.

पैसे मोजून दिवाळी, हे म्हणाले
पेपरामागून.
बायपासनंतर शिडी बंद झाली यांची.
नाहीतर दर वर्षी तपकीर गल्ली, दर वर्षी
घासाघीस करून आणलेली माळ,
अर्धी पेटणारी, आणि उरलेल्या अर्धीशी
पाडव्यापर्यंत चाललेलं भांडण.

किती वॅट, मी विचारलं.
काळोखे चपापला. लोक विचारतात
वॉर्म की मल्टी.
एकतीस वर्षं बोर्डात बिलिंगला होते मी,
सहकारनगरातल्या कितीतरी घरांचा उजेड
माझ्या हाताखालून आकडा होऊन गेलाय.
"मीटरला कळणारसुद्धा नाही, काकू."
मीटरला सगळं कळतं, म्हटलं,
लाव.

ऑक्टोबरचं ऊन. अडीच वाजलेले.
शिडीला हात लावला तर चटका,
म्हणून मल्हारी अनवाणीच चढला आंब्यावर,
जामखेडचा, एकोणीस वर्षांचा,
दातांत चिकटपट्टी, गळ्यात माळांची वेटोळी.
मुंगळे चावले तेव्हा एक शिवी आली खाली,
मग मला बघून
तिचा शेवट खोकल्यात गेला.
हे खुर्ची ओढून ओसरीत बसले,
"डावीकडं सैल आहे. अरे, डावीकडं."
कुणी ऐकत नव्हतं,
पण तीन वर्षांत यांचा आवाज
एवढा मोठा निघाला नव्हता.

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.
म्हणजे झालं असेल, उन्हात दिसेना.
मल्हारीनं एका दिव्याभोवती ओंजळ धरली,
आत डोकावला, मला बोलावलं.
घामेजलेल्या तळव्यांच्या त्या इवल्या अंधारात
ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड,
बोटांच्या फटींतून तांबूस.
"पेटलाय."
मग पुढचा. मग त्याच्या पुढचा.
बेचाळीस फूट तो असा गेला,
जणू प्रत्येकाच्या कानात
काहीतरी विचारत.

ताक पिताना काळोखे म्हणाला,
"रात्रीचं कधी बघायला मिळत नाही.
आम्ही आज औंधात, उद्या बाणेरला,
दिवसाच लावायचं, दिवसाच निघायचं.
फोटो टाका."
घरी? मी विचारलं.
"घरी एक कंदील. तो बायको लावते,
मी लावला तर वाकडा होतो म्हणते."

रात्री रस्ता ओलांडून फोटो काढला.
हे एकाच पायात चप्पल घालून बाहेर आले,
बराच वेळ वर बघत राहिले, आणि म्हणाले,
"ठीक आहे."
चाळीस वर्षांच्या संसारात
याहून मोठं प्रमाणपत्र मी पाहिलेलं नाही,
माझ्या पुरणपोळीलासुद्धा.

बारा वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं:
काकू आंब्याची दुसरी फांदी
खालून पाच बंद आहेत
सकाळी पोरगा येईल.

चष्मा लावून गॅलरीत गेले, मोजले.
पाच. बरोबर.
तेवढ्याच जागी
आंबा आंब्यासारखा दिसत होता,
पानं मिटून, झोपलेला.
राहू दे, असं मी लिहिलं. निळ्या खुणा आल्या.

साडेसातला फाटक वाजलं.