कोरडा पंधरवडा

शाहूपुरी तिसरी गल्ली, दुसरा मजला.
खाली छापखाना होता, आता कुरिअरवाला.
इथं मी एकवीस वर्षं
लोकांच्या औषधांचं मराठी करते.
संमतीपत्रं, माहितीपत्रकं,
डोस चुकला तर काय करा,
दिवस गेले असतील तर कुणाला सांगा,
मेलात तर भरपाई कुणाच्या नावे.

एका पत्रकाला चार दिवस लागायचे.
आता नाझनीन मुजावर बटण दाबते
आणि चहा कपात ओतून होईस्तोवर
चौदा पानं तयार.
खोटं कशाला बोलू, बरी असतात.
मी 'दाहजन्य अवस्था' लिहायची,
ते लिहितं 'सूज'.
एवढा साधा शब्द मला का सुचला नाही
म्हणून परवा मी दोन तास गप्प होते.

काल सांधेदुखीच्या चाचणीचं पत्रक आलं.
पान सहा, ओळ तिसरी:
'नवीन गोळी सुरू करण्यापूर्वी
कोरडा पंधरवडा पाळावा.'

काय भारी शब्द काढलाय ओ मॅडम ह्यानं,
नाझनीन म्हणाली.

दोन हजार अकरा.
जुन्या औषधाचा अंश अंगातून निघून जावा
म्हणून दोन आठवडे ते घ्यायचं नाही,
ह्याला मराठीत शब्द नव्हता.
रात्री साडेअकराला
मला बापाच्या गुऱ्हाळातली काहील आठवली,
दोन आधणांच्या मध्ये
धुऊन वाळत घातलेली,
आणि शब्द आला.
नवऱ्याला उठवून वाचून दाखवला,
इतका मला तो आवडला.

मुरगूडच्या एका बाईंना,
तानाक्का म्हणू त्यांना,
तो कळला. त्यांच्या परीनं कळला.
त्यांनी पाणी सोडलं.
जन्मभर निर्जळी उपास केलेली बाई,
डॉक्टरनं सांगितलं तर
पंधरा दिवस का नाही?
दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला न्हाणीत पडल्या.
सिस्टर एस्तेर घाटगेंनी सलाईन लावलं
आणि रात्री मला फोन केला:
"बाई, तुमचा कागद वाचून म्हातारी कोरडी राहिलीया.
येऊन जीभ बघा तिची."

मी गेले नाही.

वाचल्या त्या. पुढं नऊ वर्षं जगल्या.
शब्द मी मागं घेतला,
म्हणजे चार फोन केले
आणि एका फायलीत खोडला.
बाकीच्या फायली कुठं कुठं पोचल्या होत्या
देव जाणे.
फोनची नोंद कुणी ठेवली नाही.
जिभेची कोण ठेवणार?

ह्या यंत्रानं सगळं वाचलंय म्हणतात.
सगळं म्हणजे कुणीतरी लिहिलेलं तेवढं.
माझाच कागद त्याच्या हाती लागला,
की काहील वाळत घालणारं आणखी कुणी होतं,
मला ठाऊक नाही.
पण शब्द माझा आहे, मी ओळखते.
पोर कितीही मोठ्या शहरात वाढून आली
तरी चाल ओळखू येतेच की.
हुशारी तेवढी तिच्याबरोबर गेली.
चूक मी घरातच ठेवली होती.

ओळ खोडली. लिहिलं:
'दोन आठवडे जुनी गोळी घेऊ नका.
पाणी नेहमीसारखं प्या. जेवण नेहमीसारखं करा.'
आणि समासात, पहिल्यांदाच, टीप:
हा शब्द का वापरू नये.
एक बाई, वय एकसष्ट.
नाव लिहायचं नसतं.
दीड दिवस बिनपाण्याच्या.
न्हाणीचा दगड. सलाईन. जीभ.
चूक कुणाची, तेही लिहिलं,
पूर्ण नावानिशी. ते लिहिता येतं.

हे कोण वाचणार मॅडम? नाझनीननं विचारलं.
मी तिच्या पडद्याकडं बोट केलं.
तेवढ्यात तिथं प्रश्न उगवला:
टीप लांब झाली आहे. थोडक्यात करून देऊ?

खाली कुरिअरवाला शटर ओढत होता.

नको म्हण त्याला, मी म्हटलं.
राहू दे लांब.