बी शिफ्ट, सातपूर

किल्ल्या हातात ठेवताना शेवाळे साहेब म्हणाले,
"इथे आवाज लागतो, बाई. प्रेसच्या वर चढला पाहिजे."
अडीचशे टनांची प्रेस. तिच्या वर?
मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची
हे माझं अजून ठरलेलं नाही.

मग कंपनीने पाथर्डी फाट्यावरच्या हॉटेलात
दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं.
टाय लावलेल्या एका माणसाने
आरशासमोर उभं करून प्रत्येकाला गर्जना करायला लावली.
माझा नंबर येईपर्यंत जेवणाची सुट्टी झाली.
मी जिन्यात बसून चहा थंड होऊ दिला.

परत आले ती कान घेऊनच.
चौथ्या प्रेसचा ठोका किंचित उशिरा पडतो.
हिरामण गांगुर्डे चिडला की हातोडी फार हळू ठेवतो.
कंत्राटावरचा पवन "हो मॅडम" म्हणतो
तेव्हा त्याला कळलेलं नसतं.
"कळलं मॅडम" म्हणतो, तेव्हा तर मुळीच नसतं.
हे सगळं खिशातल्या डायरीत जातं,
आणि दुसऱ्या दिवशी मी एकेकाच्या शेजारी जाऊन उभी राहते.
समोर नाही. शेजारी.

डिसेंबरात, निफाडकडची थंडी पत्र्यांतून आत शिरत असताना,
रात्री साडेनऊला डाय तडकली.
सगळे एकदम बोलू लागले:
स्टील हलकं, मेंटेनन्स झोपलेलं,
पवनचं नाव तर दोनदा आलं.
मग तोंडं माझ्याकडे वळली, ओरडण्याची वाट बघत.
मी तड्यावरून बोट फिरवलं. अजून कोमट होता.
खरं सांगू? मला काही सुचतच नव्हतं.

एक मिनिट गेलं. दीड.
बंद प्रेस इतकी शांत असते
हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.
हिरामणने हातमोजे काढले.
"सेन्सर मी बंद केला होता. नग भरत नव्हते."

"नगांचं मी वर बोलते. सेन्सर चालू राहू दे."
एवढंच म्हणाले, तेही कापऱ्या आवाजात.

वरच्या केबिनमध्ये मात्र आवाज लागला.
लागला तेवढाच नेला होता,
कागदावर लिहून, तीन महिन्यांच्या आकड्यांसकट.
येताना पपया नर्सरीच्या स्टॉपवर
गुडघे थरथरत होते, ते कुणी पाहिलं नाही.

परवा पवन मशीन थांबवून म्हणाला,
"मॅडम, नाही कळलं."

डायरीत फक्त तारीख लिहिली.