गुण्या

मार्चात कुलूप घालताना लेथच्या बेडला ग्रीस चोपडलं,
वर वर्तमानपत्रं चिकटवली.
पंधरा दिवसांचा तर प्रश्न होता.
जुलैत शेड उघडली तेव्हा
तीन नंबरच्या मशीनमागे चिमणीच्या काड्या,
आणि चकमध्ये चावी तशीच.
चकमध्ये चावी विसरणाऱ्याला
मी अख्खी शेड झाडायला लावतो.
झाडली.

विद्यापीठाचं पत्र होतं:
प्रात्यक्षिके दूरस्थ पद्धतीने घ्यावीत.
बावीस वर्षं सांगत आलो,
कानस डोळ्यांनी चालत नाही रे,
तळव्याच्या गादीनं चालते.
आता मोबाइल टूलपोस्टला सुतळीनं बांधून
रिकाम्या पत्र्याखाली ओरडतो,
दिसतंय का?
एक हात वर येतो.
पिवळा. चित्रातला.

सातपूरचे भोंगे तेव्हा गप्पच होते.
साकिब मन्यारनं मालेगावहून माइक उघडला
की मागे यंत्रमाग खडखडायचे.
म्यूट करतो सर, म्हणाला.
म्हटलं, राहू दे.

मग एसटीनं पार्सलं घ्यायला सुरुवात केली.
बासष्ट पुडकी बांधली:
एक लोखंडी चौकोन, एक कानस, एक सूचनापत्र.
येवला, सुरगाणा, कळवण, पेठ.
गुण्या मात्र चारच होते कपाटात,
ते कुणाकुणाला देणार?

पेठची हर्षला गांगुर्डे
रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढायची,
जॉब ओढणीच्या गाठीत.
व्हाइस नाही, म्हणून
उंबऱ्याचा दगड आणि पहार यांत तो आवळलेला.
आणि गुण्या?
सर, तुमचं सूचनापत्र दोनदा दुमडलं.
काटकोन झाला.

जॉबला कागद भिडवून तिनं आभाळाकडे धरला.
फटीतून उजेड दिसला तर कोन चुकला,
एवढं साधं असतं ते.
पण माझ्या हातात सगळी काचच उजेडाची,
त्यातली फट कुठली ओळखू?
म्हटलं, डोळे मीट. अंगठा फिरव.
काय लागतं?
वारा. कुणाची तरी शेळी.
मग म्हणाली,
डावीकडे खळगा आहे सर,
केसाएवढा,
आणि चित्र थिजलं, डोळे मिटलेलेच.

पुडकी परत यायला दिवाळी झाली.
तिच्या पुडक्यात जॉबखाली तो कागद,
घडीवर लोखंडानं काळा पडलेला.
हातमोजे काढले.
काढायचे नव्हते, पण काढले.
शेडच्या दारात उभं राहून अंगठा फिरवला
एकदा, मग उलटा.
डावीकडे.
केसाएवढाच.

गुणपत्रकावर आकडा लिहिला,
कागद दाबून धरला होता तिथं अंगठा उठला.
ऑफिसातून फोन आला,
सर, एकोणिसाव्या नावापुढे डाग आहे,
नवी प्रत पाठवा.

पाठवतो म्हणालो.
अजून पाठवलेली नाही.