खरवड

अकरा वर्षं आमच्या ओव्हनमध्ये
काहीच भाजलं गेलं नव्हतं.
फाहहीलच्या या घराबरोबर तो आला,
भिंतीतला खिळा यावा तसा,
आणि मी त्यात ठेवत गेले
बिडाचा तवा, चकलीचा सोऱ्या,
बकाल्यातल्या पिशव्यांची एक पिशवी.
तळाशी त्याचंच माहितीपत्रक,
अजून प्लास्टिकमध्ये.

शुक्रवारी दुपारी उम्म वाइलनं
कोपरानं बेल वाजवली. दोन्ही हातांत ट्रे,
ट्रेमध्ये अख्खा फ्लॉवर,
उकडून निथळलेला,
न्हाऊन आलेल्या बाळासारखा वाफाळता.
"माझा ओव्हन काल गेला."
बिघडला?
"नाही. विकला."

सहाला तिच्याकडे सोफा बघायला माणसं यायची होती.
भुकेल्या गिऱ्हाइकाशी भाव करू नये,
असं तिचं म्हणणं,
अर्धं तिच्या अरबीत, अर्धं माझ्या हिंदीत,
उरलेलं हातवाऱ्यांत.

सोऱ्या निघाला, तवा निघाला,
मागून निघाली निनादची पाण्याची बाटली,
तिसरीत हरवलेली,
जिच्यापायी मी त्याला नको ते बोलले होते.
आता तो दाढी करतो.

बाहेर अठ्ठेचाळीस.
आत आम्ही बटण फिरवलं दोनशे वीसवर.
एसीनं सुस्कारा टाकला.

निळ्या डब्यातलं चीज तिनं किसलं,
बोटांची पर्वा न करता.
त्यात पावाचा चुरा, ठेचलेला लसूण, जिरेपूड.
मी विचारलं, थोडं तिखट?
ती म्हणाली, ओव्हन तुझा, टाक.
मी लवंगीचं टाकलं, चिमूटभर.
बरं, दोन.

"आम्ही याला झहरा म्हणतो."
म्हणजे?
तिनं कॅलेंडरातल्या गुलाबावर बोट ठेवलं.
मला हसूच आलं. आमच्याकडंही भाजीवाला
फ्लॉवर, फ्लॉवर असंच ओरडतो
आणि फूल कुणालाच आठवत नाही.
याला कुणी माळत नाही, कुणी वाहत नाही.
मिठाच्या पाण्यात बुडवून
आम्ही फक्त अळ्या शोधतो.

मग काचेसमोर फरशीवर बसलो दोघी,
मालिका बघायला बसावं तशा.
पहिली वीस मिनिटं काही घडेना.
मग चीज घामेजलं,
गड्ड्याच्या घळीघळींतून ओघळलं,
बुडबुडलं, तांबूस झालं, विटकरी झालं.
ट्रेच्या कडेला सांडलेलं तेवढं
अनारशासारखं जाळीदार.
वास जिन्यात गेला, आणि समोरचे मल्याळी काका
दार किलकिलं करून बघून गेले.

मधेच ती म्हणाली, अम्मान.
मुलगा तिथं असतो.
इकामा पंधरा तारखेपर्यंत.
सव्वीस वर्षं.
तिचा हात धरावा की नाही,
मी ठरवत होते,
तोवर ती उठली:
"अगं, जळेल!" असंच काहीतरी,
कुठल्याही भाषेत हेच म्हणतात.

बाहेर आला तेव्हा तो तडतडत होता.
सुरी टेकवली, आधी कडकन वाजलं,
मग काहीच नाही, नुसतं मऊ.
एक तुकडा तिनं माझ्या तोंडात कोंबला.
जीभ भाजली. मी मान डोलावली.

रात्री दहाला ट्रे घेऊन परत आली, रिकामा.
सोफा गेला पस्तीस दिनारला.
ती माणसं वीसवर अडून बसली होती.
"तुझं तिखट," ती म्हणाली,
"पाणी पिता पिता हो म्हणाले."
ट्रे मात्र कुणी घेईना, कडा काळ्या झाल्यात.
राहू दे तुझ्याकडे.

विद्याधर पाळीवरून आला साडेबाराला.
अंगाला रिफायनरीचा वास,
त्यातूनही त्यानं विचारलं, काय केलंस?
मी ओट्याशी उभी, कालथ्यानं
कडेची खरवड काढत होते,
पातेल्याच्या खरवडीसाठी
भावांशी भांडायचे त्याच घाईनं,
भांडायला कुणी नसताना.
थोडी त्याला दिली. थोडीच.

तवा, सोऱ्या, पिशव्यांची पिशवी
अजून ओट्यावर पडलेत.
कुठं ठेवायचे आता,
उद्या बघू.