फाटक क्रमांक दोन

तासगाव आगारात एकतीस वर्षं तिकिटं फाडली मी,
कुणाला नाव विचारलं नाही.
कुठं उतरणार, एवढंच.
बाई रडत असली तरी तेवढंच,
आणि सुटे काढा.

निवृत्त झालो तर कबड्डीच्या मैदानावर फाटकाला बसवलं,
सावळजच्या रस्त्याला, बेदाण्याच्या शेडमागं.
गेल्या साली झांबऱ्यानं पानपट्टीआड
शंभराचं तिकीट सातशेला विकलं,
आणि कुमठ्याची पोरं
लिंबाच्या झाडावरनं फायनल बघून गेली.
औंदा कमिटीनं शपथ घेतली:
ज्याचं तिकीट, त्याचंच तोंड.

पुण्याहून टॅबलेट आला, काठीवर बसवलेला,
त्याच्याबरोबर प्रणिल नावाचं एक पोरगं.
नाव सांगा, मोबाईल सांगा,
आधारचे शेवटचे चार आकडे,
आता इकडं बघा.
माणसं केस सारखे करून उभी राहिली,
लग्नात फोटोला राहतात तशी.
झांबऱ्या दिवसभर चहा पीत बसला.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
कुमठ्याची पोरं शंभरातच आत गेली,
पुढच्या रांगेत बसली.

दुसऱ्या दिवशी, दिवे लागल्यावर, ती आली.
बोटांना बेदाण्याचा चिकटपणा,
तिकीट भावजयीच्या नावाचं.
यंत्र लाल झालं.
प्रणिल म्हणाला, तुमचं स्वतःचं नाव सांगा, नवीन फोटो घेतो.
तिनं टॅबलेटकडं बघितलं
विहिरीत वाकून बघावं तसं.
"फोटो कुठं जातो, दादा?"
"क्लाउडवर."
आम्ही दोघांनी वर बघितलं.
माघातलं आभाळ, ढग एकही नव्हता.

"आणि यादी?"
"कमिटीकडं."

मग ती माझ्याकडं वळली, हळूच म्हणाली,
"सात नंबरचा, चढाईचा, तो माझा.
त्याचे वडील कमिटीत आहेत."

एवढ्यावर समजलं मला.
रात्रीच्या गाडीला अशा बायका बसायच्या,
कुठं उतरणार विचारलं
की शेवटचा थांबा सांगणाऱ्या,
पिशवी मांडीवर घट्ट धरून.

खिशात माझा जुना पंच होता.
आगारात जमा करायचा राहिलेला,
म्हणजे, केला नाही.
तिच्या तिकिटाला भोक पाडलं, कट्.
भोकाचं तिकीट कुणी परत विकत घेत नाही,
हे मला टॅबलेटच्या आधीपासून ठाऊक आहे.
प्रणिल काहीतरी म्हणत होता, नियम, सिस्टीम.
ती दम धरून आत गेली.

ती खरं बोलली का?
असेल. नसेलही.
तिकीट झांबऱ्याकडनंच घेतलेलं असेल.
तो पानपट्टीच्या उजेडाबाहेर उभा होता,
हसला की नाही ते दिसलं नाही.

सात नंबरनं त्या रात्री तिघांना शिवलं
आणि रेषेवर अंग टाकलं.
गॅलरी पत्र्यासकट हलली.
सगळ्यांत वरच्या पायरीवर एक पदर
तोंडाशी गच्च धरलेला,
एवढंच मला फाटकातनं दिसलं.

महिना झाला स्पर्धेला.
गावात सगळ्यांना फोन येतायत,
कवठेमहांकाळला बिगरशेती प्लॉट, हप्त्यानं.
नाव घेऊन बोलतात, आडनावासकट.
कुमठ्याच्या त्या पोरांनाही येतात,
ज्यांच्या बापांकडं गुंठा नाही.

मी मीटिंगला सांगून बघितलं:
तिकिटाला भोक पाडा, मनगटाला शाई लावा,
चेहरा घ्यायचाच असला तर
शिट्टी वाजल्यावर पुसून टाका,
मैदानावरची फक्की पुसतो तशी.
झांबऱ्याला धरायला सगळं गाव कशाला मोजता?
अध्यक्ष म्हणाले, राहू दे यादी, लागते कधीतरी.
त्यांच्या शेजारी सात नंबरचा बाप बसलेला.
काही बोलला नाही. मोबाईल बघत होता,
अंगठ्यानं चेहरे वर सरकवत.

तिच्या तिकिटाचा तो गोल कपटा
अजून माझ्या खिशात आहे,
तांदळाच्या दाण्याएवढा.
त्यावर नाव मावत नाही.