बसायची उंची

पालिओत बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग उतरायचं.
थारमध्ये चढायचं.
माझ्या गुडघ्यांना दोन्ही सारखंच नकोसं,
तरी त्यांनी मत थारला दिलं.

निहार म्हणतो, आई, पार्किंग एकच आहे.
नेरूळ, आमची सोसायटी, खांब नऊ आणि दहाच्या मधे
तेवीस वर्षांची एक सावली पडलीये तेलाची.
कुरूपसाहेबांनी दोनदा फिनेल ओतून पाहिलं.

तिच्या पिवळ्याला आता कुणी पिवळा म्हणणार नाही.
वाशीच्या आरटीओत नोंदणी वाढवायला नेली, तर तो पोरगेला इन्स्पेक्टर
कागद बघे, गाडी बघे.
मी दार उघडून बिजागरीपाशी बोट ठेवलं:
हा बघा. इथे ऊन पोचत नाही.
त्याने सही केली.

एक पॉइंट सहाचं इंजिन. रबाळ्याच्या लॅबमधले पुरुष
"किती देते?" विचारायचे आणि आकडा ऐकून
माझ्यासाठी हळहळायचे.
मी म्हणायचे, देत नाही, घेते.
पहाटे साडेपाचला पाळीला निघाले की
पाम बीचवर तिसऱ्या गियरमध्ये ती अशी ओढायची
की डब्यातली आमटी मागच्या काचेला.
स्टिअरिंगमधून डांबराचा पोत तळहाताला कळायचा,
काठाची जर खरी की खोटी कळते तसा.
कुठे नवा थर, कुठे ठिगळ, कुठे खडी सुटलेली.
मी तो रस्ता पाहिला नाही तेवढा चाचपला.

थार खड्ड्याला विचारत नाही.
तिचा फोर बाय फोरचा दांडा अजून कोरा, कडक.
डोंगर तिने पाहिलाय तो खारघरचा, सिग्नलला उभं राहून.
चिखल लागला एकदाच, डी-मार्टबाहेर,
पाइपलाइनचं खोदकाम चालू होतं.
निहारने तीन दिवस धुतली नाही.

गेल्या रविवारी मी चालवली.
डावा पाय क्लच शोधत रिकाम्या जागी दाबत राहिला.
वाशीकडे जाताना सहज डावीकडे पाहिलं,
तर तिवरांच्या शेंड्यांवरून
खाडी.
मला ती वासाने ठाऊक होती.
ओहोटी होती. कुणीतरी मांडीभर गाळात उभं राहून
होडी ढकलत होतं, आणि होडी
हलत नव्हती, मग थोडी हलली.
आई, तीसवर आलीस, निहार म्हणाला. मागे हॉर्न.

संध्याकाळी कुणी नसताना
बैठकीतल्या दोन उशा काखेत मारून खाली गेले.
पालिओच्या सीटवर एकावर एक ठेवल्या, बसले,
सोसायटीला एक फेरी मारली.
केस छताला घासत होते.
दिसलं ते नुसतं जास्त बोनेट,
आणि खालचे पेव्हर ब्लॉक, ज्यांचा एकेक सांधा मला पाठ,
कळेनासे झाले.

गेटपाशी थांबून
एक उशी काढली.